दाखल्यावरचा टक्का म्हणजे भरपाईचा टक्का नव्हे

‘अपंगत्वाचा दाखला दहा टक्क्यांचा, मग भरपाईही त्याच हिशेबाने’ असं अपघातग्रस्तांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मान-कंबर कायमची धरलेली माणसं एवढं ऐकूनच दावा सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

हा समज चुकीचा आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय: डॉक्टर शरीराचं अपंगत्व सांगतात, त्याने कमाई किती बुडाली, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवायचं. निकालातलंच उदाहरण घ्या. डावा हात तुटला तर अपंगत्व साधारण ६० टक्के. पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण जाते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. कंबरदुखीलाही हाच न्याय. पोती उचलणाऱ्या हमालाचे दहा टक्के आणि टेबलावर काम करणाऱ्याचे दहा टक्के सारखे नसतात. शिवाय वेदना आणि पुढचा औषधोपचार यांची भरपाई वेगळी मागता येते.

दुखणं एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक खेपेचा केसपेपर, फिजिओथेरपीच्या पावत्या, अपघाताआधीच्या कमाईचा पुरावा जपून ठेवा. आणि नुसता दाखला जोडून थांबू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नोंदवायला वकिलांना सांगा.