कौटुंबिक उत्पन्नाचे प्रादेशिक मापन (खानदेश)

देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबांच्या हाती किती पैसा येतो आणि तो त्या भागातल्या घराघरांत कसा विभागला जातो, हे मोजण्याची पद्धत. घराघरांतली तफावत दाखवण्यासाठी जिनी गुणांक (१९१२) वापरतात : सर्वांना सारखे मिळाले तर तो ०, सारे एकाच घरी गेले तर १.

भारतात १९५० पासून चाललेली राष्ट्रीय नमुना पाहणी मुख्यतः खर्च विचारते आणि त्यावरून ऐपतीचा अंदाज बांधला जातो. असे का, हे खानदेशात चटकन कळते. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे) साल, म्हणजे वर्षाची मजुरी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते. रावेर-यावलच्या केळीवाल्याची कमाई भावासरशी वरखाली होते. कापूसवाल्याला उचल फेडल्यावर उरले तेवढेच उत्पन्न वाटते. घरखर्च त्या मानाने नीट आठवतो. पण बड्या घरांची बचत खर्चात उतरत नाही, म्हणून खर्चावरून काढलेली विषमता सहसा खऱ्यापेक्षा सौम्य भरते.

त्याहून अवघड प्रश्न प्रदेशाच्या रेषेचा. नमुना पाहणीच्या विभागणीत जळगाव, धुळे व नंदुरबार नाशिकसोबत एका गटात पडतात. द्राक्षबागांचे नाशिक आणि सातपुड्यातला अक्राणी तालुका यांची मग एकच सरासरी. राज्याचे भाग पाडून १९९४ मध्ये नेमलेल्या विकास मंडळांत तर खानदेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त गेला, म्हणजे हिशेबात त्याचे नावच उरले नाही. रेषा हलली की आकडा हलतो : १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला, तेव्हा कोणाच्याच घरात एक रुपया वाढला नव्हता, तरी पूर्वी सरासरीत झाकलेली गरिबी स्वतंत्रपणे दिसू लागली. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात हा जिल्हा तळाशी होता.

जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न हाही कच्चाच आधार, कारण ते तिथल्या उत्पादनाला लोकसंख्येने भागून काढतात. नंदुरबारचा मजूर दक्षिण गुजरातेत ऊस तोडतो, तेव्हा त्याच्या श्रमाचे उत्पादन गुजरातच्या खात्यात पडते. शिवाय पाहणीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. ऊसतोडीच्या हंगामात ही चूल फडाशेजारच्या झोपडीत पेटते. गावच्या घराला कुलूप असते किंवा दारात म्हातारी एकटी बसलेली असते, आणि पाहणीदार तिलाच महिन्याचा खर्च विचारतो.