टिपकागदावरचे रक्त आणि वाचलेली दुसरी खेप

सोलापुरी टॉवेल ज्या गुणामुळे घरोघरी पोचला, तो म्हणजे कापसाच्या तंतूंची ओल टिपून घेण्याची क्षमता. हाच गुण रक्ततपासणीतही उपयोगी पडतो. अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी 1963 मध्ये नवजात बाळांच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब शुद्ध कापसाच्या तंतूंपासून बनवलेल्या जाड टिपकागदावर वाळवून त्यांतून एका जन्मजात आजाराचे निदान करता येते, हे दाखवून दिले. तीच पद्धत आज हिपॅटायटिस बी आणि सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारांच्या निदानासाठी वापरता येते, आणि आपल्या सोलापूरसारख्या दूरवर पसरलेल्या जिल्ह्यात तिचे मोल फार मोठे आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे हिपॅटायटिस म्हटले की पिवळे डोळे आणि कावीळ एवढेच आठवते. दूषित पाण्यातून होणाऱ्या ए आणि ई प्रकारांत ते बरेचसे खरेही आहे. परंतु रक्तातून पसरणारे बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता यकृतात राहतात आणि पुढे सिरोसिस (यकृत कडक आणि निकामी होत जाणे) किंवा कर्करोगापर्यंत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2.98 कोटी लोकांना बी आणि 55 लाख लोकांना सी विषाणूची लागण झालेली होती. यातील बहुतेकांना त्याची कल्पनाही नाही.

हिपॅटायटिस सी चे निदान दोन टप्प्यांत होते. पहिल्या चाचणीत प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधतात. मात्र आजार बरा झाल्यावरही ती रक्तात टिकून राहत असल्यामुळे, विषाणू आज शरीरात आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश, शोधणारी दुसरी चाचणी करावीच लागते. या दुसऱ्या चाचणीसाठी एरवी शिरेतून रक्त घ्यावे लागते, काही तासांच्या आत ते यंत्रात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, वेगळा करावा लागतो आणि तो थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेलेला असताना करमाळ्याहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर सोलापूरला बर्फाची पेटी नेणे कष्टाचे आहेच. पण त्याहून मोठी अडचण माणसाची असते. पहिल्या चाचणीनंतर ज्याला पुन्हा बोलावले, तो ऊसतोडीला किंवा दुसऱ्या गावी मजुरीला गेलेला असतो आणि निदान तिथेच अर्धवट राहते.

टिपकागदाच्या कार्डावर साधारणतः पाच वर्तुळे छापलेली असतात आणि प्रत्येकात सुमारे 50 मायक्रोलिटर रक्त मावते. बोट टोचून आलेला पहिला थेंब पुसून टाकतात, दुसरा भरदार थेंब कागदाला अलगद टेकवतात आणि रक्त आपोआप पसरून कागदाच्या मागच्या बाजूला उमटेपर्यंत थांबतात. बोट कागदावर घासायचे नाही, आणि थेंब अपुरा पडला म्हणून त्याच जागी वरून दुसरा थेंबही सोडायचा नाही. नंतर कार्ड आडवे ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचे. उन्हात ठेवण्याचा मोह सोलापुरात विशेष टाळायला हवा, कारण कडक उन्हाने नमुना बिघडतो. लालभडक डाग तपकिरी होतो, तेव्हा रक्त वाळलेले असते. ओल गेली की विषाणूच्या आरएनएचे तुकडे करणारी विकरे (एन्झाइम) जवळजवळ थंडावतात, म्हणून बर्फाशिवायही नमुना काही दिवस टिकतो.

एका वर्तुळातून प्रतिपिंडांची चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली, तर त्याच कार्डावरच्या दुसऱ्या वर्तुळातून आरएनएची. रुग्णाला पुन्हा बोलवावे लागत नाही. या पद्धतीचे खरे बळ मला या वाचलेल्या खेपेत दिसते.

तिच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. 12 मिलिमीटरच्या डागातून 6 मिलिमीटरची चकती कापली, तर हाती जेमतेम 12 मायक्रोलिटर रक्त येते आणि त्यातला प्लाझ्मा निम्माच असतो. त्यामुळे विषाणूचे प्रमाण फार कमी असेल, तर ते नजरेतून सुटू शकते. सी ची सक्रिय लागण असलेल्या बहुतेकांच्या रक्तात विषाणू भरपूर असल्याने तिथे अडत नाही. बी च्या बाबतीत मात्र रक्तातील विषाणूच्या डीएनएचे (त्याच्या जनुकीय अंशाचे) प्रमाण पुष्कळदा कमी असते, म्हणून उपचाराचा निर्णय घेताना शिरेतल्या रक्ताचीच तपासणी अधिक विश्वासाची. शिवाय चाचण्यांचे बहुतेक संच प्लाझ्मासाठी बनवलेले असल्याने, वाळलेल्या डागांवर ते कसे चालतात याची पडताळणी प्रत्येक प्रयोगशाळेने आधी स्वतः करणे आवश्यक असते.

या कार्डांची हाताळणी आपल्या यंत्रणेला नवी नाही. एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांची तपासणी अशाच वाळलेल्या थेंबांवर केली जाते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात, आणि सी विषाणू बहुतेक रुग्णांत 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण जातो. त्या गोळ्यांपर्यंत पोचण्यासाठी निदान पुरे होणे तेवढे बाकी असते.

वाळलेले कार्ड हवाबंद पिशवीत घालताना सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा तुकडा ठेवतात. पावसाळ्यात आलेली पिशवी उघडण्यापूर्वी तंत्रज्ञ आधी तो तुकडा पाहतात: तो निळा असेल तर कार्ड तपासणीला जाते, गुलाबी झाला असेल तर वाटेत ओल शिरली, असे समजून त्या नमुन्याकडे संशयाने पाहिले जाते.