तळ्यातलं लेकरू: लोककथेचं संकलन आणि पुनर्कथन

बीडला एका पुस्तक प्रदर्शनात ‘लोककथा’ अशी चिठ्ठी डकवलेल्या फळीवर तीन तऱ्हेची पुस्तकं एकमेकांना टेकून उभी होती. सांगणाऱ्यांकडून जमवलेल्या कथांचं एक जाडजूड संकलन. चिमणी-कावळ्याचं एक रंगीत पुस्तक. आणि तिसऱ्यात जुन्या कहाणीतली सून स्वतःच्या तोंडानं बोलत होती. जे बोलत होती ते लेकरांना वाचून दाखवण्यासारखं अजिबात नव्हतं. एक आजोबा नातवासाठी नेमकं तेच निवडत होते. मी काही बोलले नाही, आणि घरी येईपर्यंत रुखरुख लागून राहिली.

चिमणी-कावळा सोडून देऊ, तिथं कोणी फसत नाही. घोळ होतो तो पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे संकलन आणि पुनर्कथन यांत. दोन्हींत कथा जुनी, दोन्हींत राजा-राणी, मुखपृष्ठंही सारखीच.

संकलन करणारा दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेतो. कोणी सांगितलं, कोणत्या गावी, कोणत्या सणाला, सांगणारी कुठं अडखळली, हे सगळं त्यात यावं लागतं. शेवट पटला नाही तरी त्याला हात लावायची मुभा नसते. मराठवाड्यात डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोककलावंतांमध्ये जाऊन असा अभ्यास आयुष्यभर केला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुनर्कथन करणारा मात्र कथा उचलतो आणि आपल्या नावावर पुन्हा सांगतो. त्याला सगळी मुभा आहे, फक्त ती घेतल्याचं लपवायचं नाही.

शिळासप्तमीची कहाणी घ्या. श्रावणातल्या या सप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं शिळं खातात. राजानं गाव वसवलं, तळं बांधलं, पण काही केल्या पाणी लागेना. जलदेवता म्हणाल्या, सुनेचा वडील मुलगा बळी दे. राजानं सुनेला माहेरी धाडलं, नातवाला ठेवून घेतलं, नटवून-सजवून तळ्यात बसवलं. पाणी आलं. सून परत येताना सप्तमीच्या दिवशी त्याच तळ्यावर थांबली, काकडीच्या पानावर दहीभात ठेवून तिनं पूजा केली, आमच्या वंशातलं कोणी बुडालं असेल तर परत मिळो असं मागितलं. आणि पाण्यात कोणीतरी तिचे पाय ओढू लागलं. बघते तर तिचाच मुलगा.

लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. ‘पाणी लागेना’ हे शब्द आमच्याकडं कहाणीपुरते राहत नाहीत.

ही कहाणी मी गेवराईकडच्या माझ्या आत्याकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. मांडीवर सूप, तुरीची डाळ निवडणं चालू. “मंग सासरा सुनंला म्हनला, जाय माय, माहेराला जाऊन ये. लेकरू ऱ्हाऊ दे हितंच.” इथं आत्या थांबली. दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले. मग एकदम, “आन् तळ्याला पानी आलं.”

बळी कसा दिला, हे तिनं सांगितलंच नाही. मी घरी येऊन लिहिताना छापील कहाणीतलं वाक्य त्या जागी भरलं, ‘म्हनला’चं ‘म्हणाला’ केलं आणि वहीवर मोठ्या झोकात ‘संकलन’ लिहिलं. ते संकलन नव्हतं. पुनर्कथनही धड नव्हतं, कारण त्यात माझं असं काहीच नव्हतं. नीटनेटकेपणाच्या नादात त्या टिपणातली सगळ्यात मोलाची गोष्ट मी पुसून टाकली होती. रेकॉर्डिंग तरी जपायचं, तर मोबाइल बदलताना तेही गेलं.

आत्या जिथं थांबली तिथं संकलन ‘सांगणारी इथं थांबली’ अशी नोंद करील आणि पुढं जाईल. पुनर्कथन सुरू होतं ते तिथंच. सासऱ्यानं लेकराला काय सांगून नेलं असेल? सून माहेरी किती दिवस होती, तिला कोणीच निरोप धाडला नाही? तळ्याच्या काठावर ती योगायोगानं थांबली, की तिला सगळं कळलं होतं? आणि मुलगा परत मिळाल्यावर त्या सासऱ्याच्या घरात ती स्वयंपाक कसा करत असेल?

‘मोठ्यांसाठी’ पुनर्कथन म्हणजे रक्त आणि पलंग वाढवायचा, असा एक समज अलीकडं फार दिसतो. मला तो आळस वाटतो. जात्यावर, खुरपताना बाया जे सांगायच्या ते मुळात लहानांसाठी नव्हतंच. लेकरं झोपली असं समजून त्या बोलायच्या आणि लेकरं जागी असायची.

दोन्हींमधली भिंत पक्की आहे असं मात्र समजू नका. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचं १८१२ चं पुस्तक जगभर संकलनाचा नमुना मानलं जातं. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मनोऱ्यात कोंडलेली रॅपन्झेल आधी भाबडेपणानं विचारते, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत? पुढं मुलांच्या हाती पुस्तक जातं म्हणून तिचं ते गरोदरपण झाकलं गेलं. १८५७ पर्यंत अशा सात आवृत्त्या निघाल्या. नाव संकलनाचं होतं, काम बरंचसं पुनर्कथनाचं.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर याहून मोठं आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडली जाते. ‘पैशाची’ नावाच्या जुन्या प्राकृत भाषेतलं ते मूळ पुस्तक आज कुठंच नाही. उरली ती इतरांनी पुन्हा सांगितलेली रूपं. त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं सोमदेवाचं ‘कथासरित्सागर’, अकराव्या शतकात, काश्मिरात, संस्कृतात लिहिलेलं. त्यातल्या वेताळकथांचा राजाही गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचाच, नाव त्रिविक्रमसेन.

वेताळानं त्याला घातलेलं एक कोडं बघा. एका बाईचा नवरा आणि भाऊ देवीपुढं स्वतःची शिरं कापून घेतात. देवीच्या वरानं ती पुन्हा जोडताना घाईत अदलाबदल होते. मग नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर तो. शिर सगळ्या अवयवांत श्रेष्ठ. कोडं सुटलं, प्रेत पुन्हा झाडावर.

हीच कथा १९४० मध्ये थॉमस मान या जर्मन लेखकानं घेतली आणि भावाच्या जागी मित्र आणला. एवढ्या एका बदलानं सगळं फिरलं, कारण आता बाईचं मन दोघांत अडकू शकतं. तिला हुशार डोकं आणि देखणं शरीर दोन्ही मिळतं, आणि मग हळूहळू शरीरं आपापल्या डोक्यासारखी होत जातात. त्यावरून गिरीश कार्नाडांनी कन्नडमध्ये ‘हयवदन’ हे नाटक रचलं. सोमदेवाच्या राजाचं उत्तर या दोघांनीही शेवटचं मानलं नाही. त्याच्या उत्तरानंतर त्या घरात काय झालं, ते त्यांनी बघितलं.

हातातलं पुस्तक दोन्हींपैकी कोणतं, हे ओळखायला मी आधी प्रस्तावना उघडते. सांगणारीचं गाव, सांगण्याचा प्रसंग, एकाच कथेची दोन-तीन न जुळणारी रूपं दिसली तर संकलन. पात्राच्या मनातले विचार पानभर चालले असतील तर पुनर्कथन; तोंडी कथेत सून रडते, निघते, मागते, पण मनाशी पानभर बोलत बसत नाही. आणि ‘आजीच्या तोंडून ऐकली तशीच’ असं म्हणून आत सफाईदार कादंबरीची भाषा असेल, तर मी पुस्तक जागेवर ठेवते.

मागच्या श्रावणात मी शिळासप्तमीचं माझं पुनर्कथन आत्याला वाचून दाखवलं. त्यात सून तळ्यावर थांबते, पूजा मांडते, पाण्यात उभी राहते. तिचे पाय कोणीच ओढत नाही. ती तशीच चालत घरी येते आणि सासऱ्याच्या ताटात तळ्याचं पाणी वाढते. लिहिताना मला तो शेवट फार आवडला होता.

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “लेकरू येतच न्हाई व्हय?”

“नाही.”

“मंग आमी वसा कशाला करावा, माय?”