मिडल स्कूल बँड (अमेरिका)

अमेरिकेत साधारण सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेच्या टाइमटेबलमध्येच वाद्य शिकवतात, त्या तासाला बँड म्हणतात. काही ठिकाणी तो पाचवीतच चालू होतो. आपल्याकडे बँड म्हटलं की लग्नाची वरात नाहीतर १५ ऑगस्टचं संचलन आठवतं, हा तसला नाही, हा रीतसर विषय आहे आणि त्याला ग्रेड मिळते. व्हायोलिन-चेलोवाल्यांचा तास वेगळा, तो ऑर्केस्ट्रा.

शाळांमधून हे प्रकरण फोफावलं ते पहिल्या महायुद्धानंतर. आर्मीच्या बँडमधले वादक घरी परतले ते शाळांत मास्तर झाले, आणि वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाईक हवंच होतं, १९२३ साली शिकागोत शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा झाली तिचा खर्च याच कंपन्यांनी उचलला होता.

सुरुवातीला मुलांना वाद्यं हाताळून, फुंकून बघायला देतात. फ्लूट, क्लॅरिनेट, आल्टो सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हॉर्न, युफोनियम, ट्यूबा आणि परकशन, म्हणजे ड्रम वगैरे ठोकून वाजवायची वाद्यं. पसंती मुलाची असली तरी शेवटचा शब्द बहुतेकदा मास्तरांचा, कारण सगळ्यांनाच सॅक्स नाहीतर ड्रम हवा असतो आणि तसं ऐकत बसलं तर बँड उभाच राहणार नाही. दाताला ब्रेसेस असतील तर ट्रम्पेटचा माउथपीस ओठाला टोचतो, हात आखूड असेल तर ट्रॉम्बोनची सरकती नळी सातव्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या पोझिशनपर्यंत पोचत नाही, हेही बघावं लागतं. मंडळाच्या गणपतीत ढोल बडवणारं मराठी पोरगं मोठ्या उत्साहाने परकशन मागतं आणि हातात पडतो रबरी प्रॅक्टिस पॅड आणि छोट्या धातूच्या पट्ट्यांचा बेल सेट, ज्याच्यावर नोटेशन वाचूनच वाजवावं लागतं!

पहिला सूर बहुतेक सगळीकडे बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. हार्मोनियमवर पांढरी एकपासून शिकलेल्यांना हे विचित्र वाटतं, पण ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्रम्पेट यांच्या नळीचा मूळ सूरच तो, नळी न सरकवता, एकही व्हॉल्व्ह (बोटाने दाबायचं बटण) न दाबता येतो, त्यामुळे पितळी वाद्यांची सोय आधी बघितली जाते आणि बाकीचे जुळवून घेतात. गंमत पुढे आहे. तोच सूर फ्लूटच्या कागदावर बी फ्लॅट लिहिलेला असतो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या कागदावर सी, आल्टो सॅक्सच्या कागदावर जी, हॉर्नच्या कागदावर एफ. म्हणून मास्तर "कॉन्सर्ट बी फ्लॅट", म्हणजे कागदावरचा नव्हे, कानाला ऐकू येणारा बी फ्लॅट, असं बजावून सांगतात, आणि घरी ताई पियानोवर सी दाबते, भाऊ क्लॅरिनेटवर सी वाजवतो आणि दोघं भांडतात की तुझंच बेसूर आहे. दोघंही बरोबर असतात.

क्लॅरिनेट तसं लबाड वाद्य. फ्लूट किंवा सॅक्स वरच्या सप्तकात नेलं की बोटं जवळजवळ तीच राहतात आणि तोच सूर वर मिळतो, क्लॅरिनेटवर मात्र रजिस्टर की (वरचे सूर काढायची की) दाबली की सा वरून थेट तार सप्तकातल्या पंचमावर उडी जाते, त्यामुळे वरच्या सुरांची बोटं नव्याने शिकावी लागतात. याच हद्दीला "ब्रेक" म्हणतात. अलीकडचा ए डाव्या तर्जनीने नुसती एक की दाबून वाजतो, पलीकडच्या बी ला सगळी भोकं एकदम झाकायची, आणि एखादं बोट केसभर सरकलं तरी वाद्य किंचाळतं. शेजारच्यांना पहिल्या वर्षी ऐकू येतं ते बहुतेक हेच. रीड म्हणजे माउथपीसवर बांधलेली, बोरूसारख्या पोकळ गवताच्या दांड्याची पातळ पट्टी, नवशिक्याला दोन किंवा अडीच नंबरची देतात, वाजवायच्या आधी तोंडात धरून ओली करायची, आणि टोक उडालं की फेकायची, सूर येईनासा झाला की आधी तीच तपासावी.

घरी रियाज करायचा आणि अनेक शाळांत त्याचा लॉग लिहून आईबाबांची सही आणायची (सही करणारे खरंच किती ऐकतात हा वेगळा विषय). अधूनमधून प्लेइंग टेस्ट असते, काही मास्तर त्यावरून फर्स्ट चेअर, सेकंड चेअर, म्हणजे कोण पहिल्या नंबरच्या खुर्चीवर बसणार ते ठरवतात. मला विचाराल तर पहिल्या वर्षी या नंबरांची काही गरज नसते. त्या वर्षी खरं शिकायचं असतं ते मास्तरांच्या हाताकडे बघत सगळ्यांबरोबर सुरू होणं आणि सगळ्यांबरोबर थांबणं, आणि ते घरी एकट्याने होत नाही.

वाद्य सहसा दुकानातून महिन्याच्या भाड्याने घेतात, बऱ्याच ठिकाणी ते भाडं पुढे विकत घेताना किमतीतून वळतं होतं. ट्यूबासारखी अवजड वाद्यं शाळाच देते. हिवाळ्यात आणि वसंतात कॉन्सर्ट होतात. हायस्कूलला गेल्यावर मार्चिंग बँड, तिथे सगळं पाठ करून चालत वाजवायचं असतं, ट्यूबावाल्यांना खांद्यावर गुंडाळलेला सूझाफोन मिळतो आणि शाळा उघडायच्या आधीच उन्हात बँड कॅम्प सुरू होतो.