हाताला जपानी वळण लागताना

‘निहोंगो’ म्हणजे जपानी भाषा. त्यातल्या ‘गो’च्या कांजीत, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरात, 14 स्ट्रोक (पेन न उचलता काढलेल्या रेघा) आहेत. पहिल्यांदा ती चौकटीच्या वहीत उतरवताना मी पुस्तकात बघायचे, एक रेघ काढायचे, पुन्हा बघायचे. अक्षर पुरं झालं तेव्हा त्याचा उजवा भाग चौकटीबाहेर गेला होता आणि रेघा थरथरलेल्या दिसत होत्या. एवढ्या सावकाश, एवढ्या जपून काढल्या होत्या तरी! बाईंनी तेच अक्षर फळ्यावर बघता बघता काढलं आणि ते छापल्यासारखं रेखीव आलं.

सावकाश लिहिलं की अक्षर चांगलं येतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. वेग आणि अचूकपणा यांची ओढाताण मानसशास्त्रात जुनी आहे. रॉबर्ट वुडवर्थ यांनी 1899 मध्ये तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये ती गणिती सूत्रात बसवली. लक्ष्य जितकं बारीक आणि दूर, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. पण सरावाने हे गणितच सरकतं, त्याच वेळात हात जास्त अचूक होतो. नवशिक्याचं ‘सावकाश’ आणि सराईताचं ‘सावकाश’ यांची जात वेगळी असते.

कारण असं. डोळ्यांना चूक दिसून हाताला दुरुस्तीचा हुकूम पोचायला साधारण 100 ते 200 मिलिसेकंद लागतात. सराईत हाताची छोटी रेघ तेवढ्यात काढूनही होते. म्हणजे मध्येच सुधारायला सवडच नसते. विटीला टोला मारल्यावर ती हवेत वळवता येत नाही, तशी ही रेघ मेंदूतून अख्खीच्या अख्खी सुटते. नवशिक्या मात्र रेघ चालू असताना बघतो, थोडं वळवतो, पुन्हा बघतो. प्रत्येक दुरुस्ती रेघेवर एक बारीकसा हेलकावा सोडून जाते. माझी थरथर तिथून आली होती.

मग वेळ कुठे जातो? नीट पाहिलं तर कळतं की तो रेघ काढण्यात फारसा जात नाही. पेन कागदावरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत हात हवेत अडखळतो, ‘आता पुढची कुठली?’ म्हणून. घाईने रेघा मारणाऱ्याचा वेग त्यामुळे वाढत नाही, फक्त कोंबडीचे पाय उमटतात. हे हवेतले थांबे कमी होतात ते अक्षराचे तुकडे पाडल्यावर. ‘गो’ची कांजी तीन ओळखीच्या तुकड्यांची आहे: डावीकडे ‘बोलणे’ 7 स्ट्रोकचं, उजवीकडे वर ‘पाच’ 4 स्ट्रोकचं, त्याखाली ‘तोंड’ 3 स्ट्रोकचं. हे तुकडे हाताच्या ओळखीचे असले की लक्षात ठेवायच्या गोष्टी 14 राहत नाहीत, तीनच उरतात. जपानी मुलं पहिलीत 80 कांजी शिकतात आणि सहावीपर्यंत 1026. नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत 2136 आहेत. सुट्या रेघा पाठ करून हा डोंगर चढता येणार नाही.

स्ट्रोकचा क्रम एवढ्या कटाक्षाने का शिकवतात, तेही इथेच उलगडतं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बहुधा आडवी आधी आणि उभी नंतर. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 1958 मध्ये शिक्षकांसाठी या क्रमाची मार्गदर्शिका काढली. शाळाशाळांतून एकसारखं शिकवलं जावं हा तिचा हेतू होता, इतर क्रमांना तिने चूक ठरवलं नाही. तरी शिकणाऱ्याने तो पाळावा असं मला मनापासून वाटतं. हात रोज त्याच वाटेने गेला की मेंदूत एकच हालचाल पक्की होते. आज एक क्रम, उद्या दुसरा असं केलं तर दोन अर्धवट सवयी तयार होतात आणि ऐन वेळी एकमेकींना अडवतात. ‘डावा’ आणि ‘उजवा’ यांच्या कांजींचा माथा दिसायला सारखाच, पण ‘डावा’ची सुरुवात आडव्या रेघेने होते आणि ‘उजवा’ची तिरप्या. त्यामुळे या दोन रेघांची लांबी आणि तोल दोन्ही अक्षरांत थोडे वेगळे पडतात, आणि जपानी डोळ्याला तो फरक दिसतो.

कांजीखेरीज जपानीत हिरागाना आणि काताकाना या उच्चार लिहायच्या दोन लिप्या आहेत. त्यातल्या काताकानातली ‘शि’ आणि ‘त्सु’ ही जोडी तर नवशिक्याला रडवते. दोन्हींत दोन छोट्या रेघा आणि एक लांब. ‘शि’मध्ये छोट्या रेघा डाव्या कडेला एकीखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर फेकलेली. ‘त्सु’मध्ये छोट्या रेघा वरच्या बाजूला शेजारीशेजारी आणि लांब रेघ वरून खाली ओढलेली. नुसता आकार बघून काढलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. हात कुठून कुठे गेला ते कळलं की गोंधळ उरत नाही.

स्ट्रोक संपण्याच्याही तीन तऱ्हा आहेत: ‘तोमे’ म्हणजे दाबून थांबणं, ‘हाने’ म्हणजे टोकाशी झटका देणं, ‘हाराई’ म्हणजे हळूहळू दाब सोडत निसटणं. हाने मला सुरुवातीला नुसती नक्षी वाटायची. खरं तर ती पुढच्या रेघेकडे निघालेल्या ब्रशची पायवाट आहे. हिरागानातला ‘की’ बघा. छापील अक्षरात खालचा बाक वरच्या तिरप्या रेघेला बऱ्याचदा जोडलेला दिसतो, हाताने लिहिताना मात्र तिथे फट ठेवतात. तिरपी रेघ खाली झटक्याने संपते, हात हवेतून जातो आणि मग बाक सुरू होतो. पुस्तकातलं छापील वळण गिरवणाऱ्याला ही फट कळतच नाही.

काइशो या सुट्या, स्वच्छ शैलीत जवळजवळ प्रत्येक रेघेचा शेवट ठसठशीत असतो. ग्योशो या थोड्या वाहत्या शैलीत ते थांबे विरघळतात आणि हवेतली वाट कागदावर उमटू लागते. सोशो या सगळ्यात भरधाव शैलीत तर रेघा एकमेकींत वाहून जातात. जपानी शाळांत तिसरीपासून ब्रशने लिहायला शिकवतात आणि ग्योशो माध्यमिक शाळेत येते. हा क्रम हाताच्या शास्त्राला धरून आहे. हात वळणावर मंदावतो आणि सरळ वाटेवर धावतो. वक्रता आणि वेग यांच्यातलं हे नातं 1983 मध्ये लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विवियानी या संशोधकांनी गणितात मांडलं. वेग वाढवायचा तर थांबे आणि कोपरे कमी करावे लागतात, आणि कुठला थांबा गाळला तर चालतो हे काइशो अंगी मुरल्यावरच कळतं. हिरागानाचा जन्मच असा झाला. चिनी अक्षरं भरभर लिहिता लिहिता तिची वळणं घडली. काताकानाने मात्र अक्षरांचे तुकडे उचलले. दोन्ही लिप्यांतला ‘का’ एकाच कांजीतून आलाय: एकीत ती अख्खी सोशोत वितळलेली, दुसरीत तिचा फक्त डावा भाग.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. बाळबोध आणि मोडी ही आपल्याकडची जोडी अशीच. मोडीत ओळभर शिरोरेघ आधीच मारून घेत आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं ओवत जात. दप्तरातल्या कारकुनाला वेग हवा होता आणि त्या वेगातून लिपीचं रूप बदललं.

पण हीच शिरोरेघ जपानी लिहिताना आडवी येते. आपलं अक्षर रेघेला टांगलेलं असतं, जपानी अक्षर मात्र चौकटीच्या मधोमध तरंगतं. माझ्या जुन्या वह्यांत सगळी अक्षरं चौकटीच्या वरच्या कडेला चिकटलेली आहेत. रेघा सुधारल्यावरही पान गबाळं दिसायचं, ते यामुळे. चौकटीला मधून आडवी-उभी फिकट रेघ मारून घेतली आणि दोन आठवड्यांत पान बदललं. वाचणाऱ्याचा डोळा रेघेच्या गुळगुळीतपणाआधी अक्षराचा तोल आणि त्याभोवतीची मोकळी जागा टिपतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

आता कुणी म्हणेल, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने काहीच लिहायचं नसतं, मग एवढा खटाटोप कशाला? पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत आणि हा प्रश्न दर वर्गात निघतो. संशोधक मारीके लाँकाँ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी अक्षरं म्हणून त्यांनी बंगाली आणि गुजराती लिप्यांवरून घेतलेले आकार वापरले. काही आकार लोकांनी हाताने लिहून शिकले, काही कीबोर्डवर. हाताने लिहून शिकलेलं अक्षर समोर सुलट आहे की आरशातलं, हे त्यांना जास्त चांगलं ओळखता आलं आणि ती ओळख काही आठवडे टिकली. हातही वाचायला मदत करतो.

जपानी माणूस एखादी कांजी आठवेना झाली की बोटाने हवेत किंवा तळहातावर लिहून बघतो. याला ‘कूशो’ म्हणतात. 1980 च्या दशकात जपानी संशोधकांनी लोकांना कांजीचे सुटे भाग देऊन अख्खी कांजी ओळखायला सांगितली. ज्यांना बोट हलवायची मुभा होती त्यांना ती जास्त वेळा जमली.

परवा बसमध्ये ‘गो’ आठवेना. माझं बोट आपोआप पर्सवर फिरलं: बोलणे, पाच, तोंड.