मनगटावरचा तो ड्रॅगन नव्हे

आमच्या दाजींच्या मनगटावर गेल्या दिवाळीपासून काळ्या मण्यांचं ब्रेसलेट आहे. मधोमध एक सोनेरी प्राणी. ऑनलाइन मागवलं होतं, सोबतच्या चिठ्ठीत ‘फेंगशुई ड्रॅगन’ असं छापलेलं. परवा जेवणं झाल्यावर मी ते मागून घेतलं आणि चष्मा कपाळावर सारून जवळून पाहिलं. आखूड, गुबगुबीत अंग. चार पाय पोटाशी दुमडलेले. खांद्यापाशी पंखाची बारीक नक्षी, आ वासलेलं तोंड, बसण्याची ढब मांजराची.

“दाजी, हा ड्रॅगन नाही हो. हा पीशिऊ.”

“म्हणजे फसवलं का मला?”

फसवलं असं म्हणवत नाही, कारण ही गल्लत सगळ्या बाजारात आहे. विकणारेही ती मनापासून करतात. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपल्याकडे ‘पिक्सिऊ’ म्हणतात. चिनी उच्चार पीशिऊच्या जवळचा.

ओळखायची सोपी खूण म्हणजे अंगाची लांबी. चिनी ड्रॅगन, म्हणजे लोंग, हा सापासारखा लांब आणि वळणावळणाचा. त्याला सहसा पंख नसतात. तो पंखांवाचूनच उडतो. जुन्या चिनी वर्णनात त्याची नऊ साम्यं सांगितली आहेत. त्यातली काही अशी: शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, मान सापाची, खवले कार्प माशाचे, नख्या गरुडाच्या, कान बैलाचे. खवले एकूण ११७. त्यातले ८१ यांग आणि ३६ यिन, म्हणजे उजेड-अंधारासारख्या चिनी जोडतत्त्वांचे. पीशिऊ मात्र सिंहाच्या घडणीचा, बुटका आणि रुंद छातीचा. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ पाहिला असेल, तर त्याच्या बिरादरीतला म्हणा. लोंगच्या तोंडापाशी बहुतेक वेळा ज्वाळांनी वेढलेला मोती असतो, पीशिऊच्या पायाखाली नाणी नाहीतर सोन्याची होडीच्या आकाराची लगड. आणि प्राण्याला खूर दिसले तर तो तिसराच, छीलिन. त्याच्याकडे आज वळत नाही.

पण दिसण्यापेक्षा दोघांच्या कामातला फरक मोठा आहे. लोंग हा मुळात पाण्याचा धनी. चार समुद्रांचे चार ड्रॅगन राजे, ढग त्यांचे, पाऊस त्यांचा. गावोगावी ड्रॅगन राजाची देवळं होती आणि पावसाने ओढ दिली की लोक मूर्ती उचलून भर उन्हात आणून ठेवत. सोस जरा, म्हणजे आमचे हाल कळतील! आपण अडचणीत देव पाण्यात घालून बसतो, त्यांनी देव उन्हात घातला. देवाला पेचात पकडायची तऱ्हा तीच. पाश्चात्त्य गोष्टींतला आग ओकणारा, खजिन्यावर बसलेला ड्रॅगन आपल्या डोक्यात असतो म्हणून हे पाण्याचं नातं लक्षातच येत नाही.

दुसरं काम सत्तेचं. पाच नखांचा लोंग बादशहाचा, चार नखांचा त्याच्या खालच्यांचा. शान्शी प्रांतातल्या दातोंगला १३९२ साली बांधलेली नऊ ड्रॅगनांची रंगीत भिंत आहे. ती मिंग बादशहाच्या एका मुलाच्या वाड्यासमोरची, म्हणून तिच्यावरच्या ड्रॅगनांना नखं चारच. पेइचिंगच्या (बीजिंगच्या) निषिद्ध नगरीतल्या, म्हणजे बादशहाच्या राजवाड्यातल्या, तशाच भिंतीवर मात्र पाच. म्हणजे ड्रॅगन ही कुणीही अंगावर मिरवावी अशी वस्तू नव्हती. आज ती बंधनं गेली, मान मात्र टिकला. चिनी पंचांगात बारा वर्षांना बारा प्राणी, त्यातल्या ड्रॅगन वर्षात मूल व्हावं असं अजूनही अनेक घरांत वाटतं. २०२३ मध्ये चीनमध्ये ९०.२ लाख बाळं जन्मली, ड्रॅगन वर्ष असलेल्या २०२४ मध्ये ९५.४ लाख. करोनात लांबलेली लग्नंही त्यात असणारच, पण ड्रॅगनचाही वाटा मानला जातो.

आणि फेंगशुई? जुन्या फेंगशुईत ड्रॅगन म्हणजे टेबलावर ठेवायची मूर्ती नव्हेच. डोंगरांची रांग हाच ड्रॅगन. तिला ‘ड्रॅगनची शीर’ म्हणत आणि घर किंवा थडगं कुठे बांधायचं ते या शिरेवरून ठरे. घराच्या डाव्या अंगाची टेकडी निळा-हिरवा ड्रॅगन, उजव्या अंगाची पांढरा वाघ. दुकानातला राळेचा ड्रॅगन पूर्व कोपऱ्यात ठेवा म्हणणारे लोक या सगळ्या भूगोलाचा चावून चोथा करून देतात, असं माझं मत.

पीशिऊचं चरित्र वेगळं आहे. सिमा छियेन या हान काळातल्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की पीतसम्राटाने, म्हणजे चिनी दंतकथांतल्या आद्य राजाने, बानछुआनच्या लढाईसाठी अस्वलं, वाघ आणि पीशिऊ तयार केले. म्हणजे हा आधी लढाऊ जनावर. पुढे त्याची गाठ बीशिए या पंखवाल्या दगडी प्राण्याशी घातली गेली. बीशिए या शब्दाचा अर्थच ‘अरिष्ट टाळणारा’. नानजिंगच्या आसपास पाचव्या-सहाव्या शतकातल्या राजघराण्यांच्या थडग्यांपुढे असे प्राणी छाती काढून उभे आहेत आणि ते शहर त्यालाच आपली खूण मानतं. ताईत म्हणून पाहायचं तर मूळचा ताईत हाच. आपल्याकडे काळा दोरा किंवा लिंबू-मिरची जे करते, ते काम याचं.

पैशाची गोष्ट लोककथेतून आली. पीशिऊ स्वर्गात राहायचा, खायचा भरपूर, आणि एकदा त्याने स्वर्गाच्या फरशीवरच घाण केली. जेड सम्राटाने, म्हणजे स्वर्गाच्या राजाने, चिडून असा फटका मारला की मागचं दारच बंद! तेव्हापासून तो सोनंचांदी खातो, बाहेर काहीच पडत नाही. व्यापाऱ्यांना आणि जुगाऱ्यांना यापेक्षा चांगला जामीनदार कुठला मिळणार? अरिष्ट अडवणारा राखणदार हळूहळू गल्ल्याचा राखणदार झाला तो असा.

मग दोघांची गल्लत का होते? कारण पीशिऊ हा ‘ड्रॅगनचा नववा मुलगा’ असं सर्रास सांगतात. मिंग काळातल्या ली तोंगयांग आणि यांग शेन या विद्वानांनी ड्रॅगनच्या नऊ मुलांच्या याद्या दिल्या आहेत. दोन्ही याद्या आपसांत जुळत नाहीत, पण पीशिऊ दोन्हींत नाही. त्यांत आहे तो बीशी, पाठीवर शिलालेखाची शिळा वाहणारा कासवासारखा प्राणी. बीशी आणि बीशिए, नावं इतकी जवळ की चिनी शिकणाराही अडखळतो.

दाजींना हे सगळं ऐकून एकच शंका आली: घालायचा कसा? रिवाज असा की पीशिऊचं तोंड बाहेर, बोटांकडे. तो बाहेर जाऊन कमावतो. दाजींचा कोपराकडे तोंड करून बसला होता. त्यांनी मुकाट्याने फिरवला.

मणी लाव्हा थिजून होणाऱ्या काळ्या काचेचे, ऑब्सिडियनचे, असं चिठ्ठीत लिहिलेलं. पीशिऊच्या शेजारचा एक मणी जरा मोठा होता आणि त्यावर सहा चिनी अक्षरं कोरलेली. दाजी त्याला कंपनीचा शिक्का समजत होते. मी फोनवर अक्षरं मोठी करून दाखवली. ती अक्षरं अर्थासाठी लिहिलेली नाहीत, नुसत्या उच्चारासाठी आहेत: आन, मा, नी, पा, मी, होंग. बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेलं संस्कृत, ‘ॐ मणि पद्मे हूँ’.

“म्हणजे दिवाळीपासून मी मंत्र घालून फिरतोय?” दाजी म्हणाले, आणि हात धुवायला उठले तेव्हा ब्रेसलेट काढून आधी खिशात ठेवलं.