हायपरस्पेक्ट्रल प्रतिमा संवेदक

पृथ्वीवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश शेकडो अरुंद, सलग तरंगलांबी-पट्ट्यांत सुटा सुटा मोजण्यासाठी उपग्रहात बसवला जाणारा संवेदक. साध्या कॅमेऱ्याला जी नुसती फिकट माती दिसते, तिच्यातले केओलिनाइट हे खनिज येथे २,२०० नॅनोमीटरच्या आसपास परावर्तित प्रकाशाच्या आलेखात पडणाऱ्या जोडखळग्यावरून ओळखू येते.

दुर्बिणीतून आलेला प्रकाश चिंचोळ्या फटीतून जातो आणि प्रिझम किंवा विवर्तन जालक (अतिशय बारीक समांतर रेघांचे पृष्ठ) त्याचा वर्णपट पसरवते. त्यामुळे संवेदकाच्या एका अक्षावर जमीन येते, दुसऱ्यावर तरंगलांबी. उपग्रह पुढे सरकेल तशी ओळीमागून ओळ टिपली जाते. साहजिकच एक पिक्सेल निकामी झाला, तर नुसता ठिपका पडत नाही; त्या तरंगलांबीच्या चित्रात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटते.

अभिकल्पाचे सगळे गणित प्रकाशाच्या टंचाईपाशी येते. उपग्रहाखालची जमीन सेकंदाला सुमारे ७ किमी. वेगाने मागे पडते, म्हणजे ३० मी.चा तुकडा ओलांडायला जेमतेम ४ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात आलेला प्रकाशही सुमारे १० नॅनोमीटरच्या पट्ट्यांत वाटायचा. प्रकाशाने सुटलेले १०,००० इलेक्ट्रॉन एका पिक्सेलात जमले, तर फोटॉनांच्या अनियमित येण्यामुळेच १०० इलेक्ट्रॉनांची चढउतार होते. इलेक्ट्रॉनिक मंडल कितीही निर्दोष असो, ती टळत नाही. दुसरीकडे त्याच ओळीत काळोखे पाणी आणि लख्ख ढग शेजारी येऊ शकतात. म्हणून २०२२ साली सोडलेल्या जर्मन एनमॅप उपग्रहाच्या दृश्य प्रकाशाच्या संवेदकात दोन वेगवेगळ्या वर्धनांची (संकेत किती पट वाढवायचा त्या प्रमाणांची) सोय आहे.

सिलिकॉन सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतच उपयोगी पडते. त्यातही मागून पातळ केलेल्या सिलिकॉनात अवरक्ताजवळचा प्रकाश दोन पृष्ठांमध्ये मागेपुढे परावर्तित होऊन आलेखात लहरी उठवतो. त्या शोषणखुणांसारख्या (खनिजांनी प्रकाश शोषल्याने पडणाऱ्या खळग्यांसारख्या) दिसतात, हा मोठा धोका. पुढच्या पट्ट्यासाठी पारा-कॅडमियम-टेल्युराइड वापरतात. कॅडमियमचे प्रमाण बदलून त्याची मर्यादा २,५०० नॅनोमीटरपर्यंत आणता येते. मात्र मर्यादा जितकी लांब, तितके उष्णतेनेच सुटणारे इलेक्ट्रॉन जास्त. त्यामुळे असा संवेदक शून्याखाली बराच थंड ठेवावा लागतो. हा थर इंडियमच्या सूक्ष्म गोळ्यांनी सिलिकॉनच्या वाचन-मंडलावर जोडलेला असतो.

सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडणे आणि मिटणेही आवश्यक असते. ओळी क्रमाने वाचल्या, तर निळा पट्टा एका शेताचा आणि अवरक्त पट्टा थोड्या पुढच्या जमिनीचा, अशी सरमिसळ होते.

अमेरिकेच्या हायपेरिऑन या संवेदकाने (२०००) ही पद्धत कक्षेत सिद्ध केली. भारताचा हायसिस उपग्रह २०१८ मध्ये गेला. कक्षेतील प्रोटॉनांच्या माऱ्याने स्फटिकात दोष निर्माण होऊन काही पिक्सेल अंधारातही संकेत देऊ लागतात. म्हणून झडप मिटून घेतलेली काळी चित्रे वेळोवेळी वजा केली जातात.